मानेतले चुरमुरे

“जोरात ओरडल्यानं फुप्फुस फुटतं का हो?”

हा प्रश्न बहुतेक वेळा अर्धवट थट्टेनं येतो. मॅच बघून घसा बसवून आलेल्या मुलाची आई विचारते, विसर्जन मिरवणुकीतून परतलेल्या नातवाची आजी विचारते, आणि ऐकणारा हसून विषय बदलतो. पण हसण्यावारी न्यावा इतका हा प्रश्न वेडगळ नाही. फुप्फुस फुग्यासारखं फट्‌कन फुटत नाही, हे खरं. सायकलच्या ट्यूबसारखं ते झिरपू मात्र शकतं, आणि तेही कुठला अपघात नाही, मार नाही, सुरीचा वार नाही, अशा वेळी.

२०१७ साली ‘जर्नल ऑफ इमर्जन्सी मेडिसिन’ या नियतकालिकात अमेरिकेच्या टेक्सास राज्यातल्या सोळा वर्षांच्या एका मुलीची हकीकत प्रसिद्ध झाली. ती ‘वन डायरेक्शन’ या गाजलेल्या बँडच्या कार्यक्रमाला गेली होती. आवडती पोरं स्टेजवर, त्यामुळे बेंबीच्या देठापासून किंचाळणं आलंच. किंचाळता किंचाळता तिला दम लागला, आणि तो काही केल्या जाईना. दवाखान्यात आली तेव्हा ती फारशी आजारी दिसत नव्हती. डॉक्टरांनी तिच्या मानेवर बोटं ठेवली, तर कातडीखाली काहीतरी चुरचुरलं. एक्स-रे काढल्यावर हवा नको तिथे तीन जागी दिसली: फुप्फुस आणि बरगड्या यांच्यामध्ये, छातीच्या मधोमध आणि घशाच्या मागे. नेमकं भोक कुठे पडलंय ते सापडलं नाही. शोधत बसायची गरजही पडली नाही, कारण रात्रभर नजरेखाली ठेवल्यावर कसलीही चिरफाड न करता ती बरी होऊन घरी गेली.

आता गंमत बघा. हवा होती फुप्फुसात. ती घशामागे पोचली, पण श्वासनळीतून नाही, नळीच्या बाहेरून. छातीतून गळ्यापर्यंत जाणारी ही चोरवाट कुठली?

१. माजघर

छातीत डावं-उजवं अशी दोन फुप्फुसं. श्वासनळीला दोन फांद्या, त्यांना आणखी फांद्या, असं करत शेवटी जे द्राक्षांच्या घडासारखे बारीक फुगे येतात ते वायुकोश. त्यांची संख्या तीस कोटींच्या वर. सगळे उलगडून अंथरले तर जवळजवळ ७० चौरस मीटर जागा व्यापतील, म्हणजे साडेसातशे चौरस फूट. मुंबईत एवढ्या जागेला लोक अभिमानानं टू बीएचके म्हणतात.

वायुकोशाची भिंत कमालीची पातळ असते, बऱ्याच ठिकाणी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही पातळ. तिला पातळ राहावंच लागतं. जाड झाली तर ऑक्सिजन पलीकडच्या रक्तात जाणार कसा? एवढी तलम भिंत जन्मभर दर मिनिटाला पंधरा-सोळा वेळा ताणली जाते आणि सैल होते. ती कधीतरी झिरपते याचं नवल वाटायला नको, रोज झिरपत नाही याचं वाटायला हवं.

प्रत्येक फुप्फुसाभोवती दुपदरी आवरण असतं, एक पदर फुप्फुसाला चिकटलेला आणि दुसरा बरगड्यांना आतून. दोन पदरांमध्ये पाण्याचा पुसट थर. ओल्या काचेला दुसरी काच चिकटावी तसे हे पदर एकमेकांना धरून असतात, म्हणून छाती फुलली की फुप्फुसही फुलतं.

आणि दोन फुप्फुसांच्या मध्ये जी जागा उरते, तिला डॉक्टर मीडियास्टिनम म्हणतात. आपण या प्रकरणापुरतं तिला माजघर म्हणू. जुन्या घरात सगळ्या खोल्यांचा रस्ता माजघरातून जायचा, तसंच हे. इथे हृदय आहे, मुख्य रक्तवाहिन्या आहेत, श्वासनळी आहे, तिच्या मागून अन्ननलिका खाली उतरते. मधल्या फटी सैल, भुसभुशीत पेशीजालानं भरलेल्या. आणि मुख्य मुद्दा म्हणजे, या माजघराला वरच्या बाजूला दार नाही. ते थेट मानेत उघडतं.

२. चाळीची कुठली भिंत पडते?

वायुकोश फाटतो तो सहसा दाब एकदम वाढल्यामुळे. आपण खोकतो, कुंथतो, जड वजन उचलतो, बाळंतपणात कळा देतो, तेव्हा एकच युक्ती करत असतो: घशातली झडप मिटायची आणि पोटाच्या, छातीच्या स्नायूंनी आतली हवा दाबायची. फुप्फुस त्या वेळी तोंड बांधलेल्या पिशवीसारखं असतं.

मग सगळे वायुकोश एकदमच का फाटत नाहीत? याचं उत्तर कॅनडातले शरीरशास्त्रज्ञ चार्ल्स मॅकलिन यांनी दिलं. ते लंडनला शिकवत. हे लंडन इंग्लंडातलं नाही, कॅनडाच्या ऑन्टारियो प्रांतातलं. मांजरांची फुप्फुसं प्रमाणाबाहेर फुगवून हवा नेमकी कुठून निसटते हे त्यांनी पाहिलं आणि १९३९ साली ते प्रसिद्ध केलं. १९४४ मध्ये पत्नी मॅज मॅकलिन यांच्याबरोबर त्यांनी या विषयावर मोठा लेख लिहिला. डॉक्टर आजही ‘मॅकलिन इफेक्ट’ म्हणतात तो हाच.

एखादी चाळ डोळ्यांपुढे आणा. ओळीनं खोल्या, दोन खोल्यांत एकच सामाईक भिंत. समजा, प्रत्येक खोलीत माणसं कोंबली आणि सगळी भिंतींना रेटू लागली. मधल्या भिंतीला अलीकडून जेवढा रेटा तेवढाच पलीकडून, त्यामुळे ती जागची हलत नाही. पण जिन्याच्या कडेची भिंत? तिच्या एका बाजूला माणसांचा रेटा, दुसऱ्या बाजूला मोकळा जिना. पडली तर तीच पडणार.

फुप्फुसातला जिना म्हणजे रक्तवाहिन्या. प्रत्येक वाहिनीभोवती सैल पेशीजालाचं म्यान असतं, विजेच्या वायरीवर प्लास्टिकचं कव्हर असतं तसं. वाहिनीला खेटून असलेला वायुकोश तिथल्या बाजूनं फाटतो आणि हवेचे बुडबुडे त्या म्यानात शिरतात. वाहिन्या सगळीकडून फुप्फुसाच्या देठाकडे एकवटत जातात, आणि देठ असतो माजघराच्या भिंतीत. श्वास घेताना माजघरातला दाब उतरतो, म्हणजे ओढही तिकडचीच. बुडबुडे म्यानातून सरकत सरकत माजघरात येतात आणि तिथून बिनदाराच्या वाटेनं मानेत.

फुप्फुस मात्र आपलं काम करत राहतं. फाटलेले वायुकोश मोजकेच, तीस कोटींतले. म्हणूनच टेक्सासच्या त्या मुलीच्या बाबतीत भोक सापडलं नाही.

३. हात लावला की कळतं

मानेत आल्यावर हवा कातडीखाली पसरते. तिथे तिला अडवणारं फारसं काही नसतं. खाटकाचं काम ज्यांनी जवळून पाहिलंय त्यांना हे सांगावं लागणार नाही: बकऱ्याच्या पायाला छोटी चीर देऊन तिथून हवा फुंकली की कातडी मांसापासून सुटत जाते आणि सोलणं सोपं होतं. कातडी आणि मांस यांच्यातला तोच सैल थर आपल्यालाही आहे.

बाहेरून दिसते ती सूज. गळ्याच्या हाडांवरचे खळगे भरून येतात, मान जाड दिसते, कधी गाल आणि पापण्याही फुगतात. अशी सूज आली की आधी संशय येतो ॲलर्जीचा. खरी ओळख बोटांना पटते. बोटांच्या टोकांनी हलकेच दाबलं की चुरमुऱ्याच्या पुडीवर हात ठेवल्यासारखं वाटतं. चुर्र, चुर्र, आणि बुडबुडा बोटाखालून सटकून शेजारी जातो. शिकाऊ डॉक्टरांना वॉर्डात हे एकदा करून दाखवलं की पुरतं. पुस्तकातली पानं विसरतात, हा स्पर्श नाही विसरत.

आवाजही बदलतो, नाकात बोलल्यासारखा किंवा तोंडात गरम बटाटा धरून बोलावं तसा. गिळताना दुखतं. छातीच्या मधोमध दुखतं आणि दीर्घ श्वास घेतला की वाढतं. छातीत दुखतंय म्हटल्यावर घरच्यांच्या पोटात गोळा येतो, हार्टचं काही असेल म्हणून ईसीजी काढला जातो, आणि काढायलाच हवा.

बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातले लुई हॅमन यांनी १९३९ साली, मॅकलिन यांचं काम आलं त्याच वर्षी, अशा रुग्णांचं तपशीलवार वर्णन केलं. त्यांनी टिपलेली एक खूण मला फार आवडते. स्टेथोस्कोप हृदयावर ठेवला की प्रत्येक ठोक्याबरोबर करकर ऐकू येते; रुग्ण डाव्या कुशीवर वळला की जास्तच. हृदय आकसतं आणि फुलतं, आणि भोवतीच्या बुडबुड्यांना दर ठोक्याला चुरडतं. एरवी मुकी असलेली हवा इथे हृदयाच्या तालावर बोलते. सगळ्यांमध्ये ही खूण सापडत नाही, पण सापडली तर निदान जवळपास झालंच.

नावाचा एक घोळ इथेच निस्तरू. आपल्याकडचे डॉक्टर कातडीखालच्या या हवेला ‘सर्जिकल एम्फिसेमा’ म्हणतात. नातेवाईक केसपेपरवर ते वाचतात आणि दोनदा घाबरतात. एकदा ‘सर्जिकल’ वाचून, की ऑपरेशन करायचंय. आणि दुसऱ्यांदा मोबाइलवर ‘एम्फिसेमा’ शोधून, कारण तिथे विडी-सिगारेट ओढणाऱ्यांचा न बरा होणारा दमा सापडतो. इथे या दोन्हींचा संबंध नाही. एम्फिसेमा या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ नुसता ‘फुगवटा’.

४. कुणाला होतं?

बहुतेक वेळा तरुणांना. उंच, सडपातळ मुलगे यात जास्त. दम्याचा जोराचा झटका हे सगळ्यात ओळखीचं कारण. हवा आत जाते, पण आवळलेल्या नळ्यांतून बाहेर येत नाही, वायुकोश फुगत राहतात, वरून खोकला. डांग्या खोकला झालेली पोरं, उलट्यांनी बेजार झालेली माणसं, व्यायामशाळेत श्वास कोंडून वजन उचलणारे, ट्रम्पेटसारखी वाद्यं फुंकणारे, नशेचा धूर ओढून छातीत दाबून ठेवणारे, हे सगळे या यादीत येतात. मधुमेहात साखर हाताबाहेर जाऊन रक्त आम्लधर्मी होतं तेव्हा रुग्ण खोल खोल श्वास घेतो आणि उलट्याही करतो. त्यालाही होऊ शकतं. पहिलटकरणीला कळा देताना क्वचित होतं, आणि नेमकं त्या धामधुमीत मान सुजलेली कोण बघतो?

कोविडच्या काळात, २०२० आणि २०२१ मध्ये, हा एरवी दुर्मीळ प्रकार जगभरच्या डॉक्टरांना वारंवार दिसला. व्हेंटिलेटरच्या दाबानं असं होतं हे आधीपासून ठाऊक होतं. पण व्हेंटिलेटर न लावलेल्या रुग्णांच्या मानेतही हवा सापडू लागली. विषाणूनं भिंती आधीच पोखरलेल्या, त्यात अखंड खोकला आणि श्वासासाठी चाललेली झटापट. अशा रुग्णाच्या बाबतीत हवा सापडणं ही किरकोळ गोष्ट नव्हती. फुप्फुसाची दशा किती वाईट आहे याची ती खूण होती. निरोगी तरुणाच्या मानेतले चुरमुरे आणि अतिदक्षता विभागातल्या रुग्णाच्या मानेतले चुरमुरे हाताला सारखेच लागतात, पण त्यांचा अर्थ एक नाही.

५. शिंक

हवा दर वेळी फुप्फुसातूनच आलेली असते असं नाही. २०१८ साली इंग्लंडमधल्या लेस्टरच्या डॉक्टरांनी ३४ वर्षांच्या एका धडधाकट माणसाची हकीकत लिहिली. शिंक आली तेव्हा त्यानं नाक चिमटीत धरलं आणि तोंडही मिटून घेतलं. मानेत काहीतरी फुटल्यासारखं वाटलं, गिळता येईना, आवाज जवळजवळ गेला. डॉक्टरांनी हात लावला तर चुरचुर मानेपासून खाली बरगड्यांपर्यंत. शिंकेच्या कोंडलेल्या दाबानं घशाच्या मागची भिंत फाटली होती. सात दिवस त्याला नाकातल्या नळीतून अन्न दिलं, प्रतिजैविकं दिली, आणि तो बरा झाला. पुढे २०२३ मध्ये स्कॉटलंडमधून अशीच नोंद आली. तिथे शिंक दाबणाऱ्याची श्वासनळीच फाटली होती.

आयुर्वेदात ‘अधारणीय वेग’ म्हणून तेरा गोष्टी सांगितल्या आहेत, म्हणजे शरीराच्या ज्या ऊर्मी दाबू नयेत अशा. शिंक त्यांत आहे, आणि शिंक दाबल्यानं मान आखडते असंही चरकसंहितेत आहे. यावरून चरकांना घशाची फाटलेली भिंत ठाऊक होती असा दावा मी करणार नाही. असले दावे करणाऱ्यांनी आयुर्वेदाचं भलं केलेलं नाही. सल्ला चांगला आहे, एवढं पुरे. चारचौघांत शिंक आली तर नाकातोंडाला रुमाल लावा. नाक दाबू नका.

६. बदकाचा वास

आता या विषयातली काळी बाजू. ती सांगितल्याशिवाय ‘आपोआप बरं होतं’ हे वाक्य लिहिणं बेजबाबदारपणाचं ठरेल.

१७२३ सालचा ऑक्टोबर. हॉलंडच्या आरमाराचे बडे अधिकारी यान व्हान वासेनार यांना खाण्याचा शौक होता आणि जड जेवण झालं की औषध घेऊन ओकून टाकायची सवयही. त्या रात्री ओकारीचा जोर करताना त्यांना छातीत काहीतरी फाटल्यासारखं झालं आणि असह्य कळ आली. त्या काळचे युरोपातले नामांकित वैद्य हेर्मान बूरहावे यांना बोलावण्यात आलं. त्यांनाही काही करता आलं नाही, रुग्ण दुसऱ्या दिवशी गेला. बूरहावे यांनी शवविच्छेदन केलं. कातडीखाली हवा होती. छाती उघडली तर त्यांना वास आला बदकाच्या मांसाचा, जेवणातल्या. अन्ननलिका आडवी फाटून जेवण छातीत सांडलं होतं. १७२४ मध्ये त्यांनी हे सगळं बारकाव्यांनिशी छापलं, आणि पुढे या आजाराला त्यांचंच नाव पडलं.

इथे हवा धोकादायक नव्हती. हवेबरोबर आलेलं अन्न, आम्ल आणि जंतू धोकादायक होते. फुप्फुसातली हवा माजघरात आली तर ती बऱ्यापैकी स्वच्छ असते. अन्ननलिका फाटली तर माजघरात गटार फुटतं. बाहेरून मात्र दोघांची मान सारखीच चुरचुरते.

म्हणून डॉक्टर खोदून खोदून विचारतात: उलटी आधी झाली की दुखणं आधी? उलटीनंतर एकाएकी छातीत फाडल्यासारखी कळ, ताप, नाडी जोरात, चेहरा पांढराफटक, छातीत पाणी, यातलं काही असेल तर सीटी स्कॅन, आणि एक्स-रेवर दिसणारं औषध प्यायला देऊन तपासणी, हे सगळं वेळ न दवडता करतात. उपचाराला उशीर झाला तर आजही या आजारात माणूस दगावतो.

७. हवा जेव्हा दुसरी वाट धरते

टेक्सासच्या मुलीच्या एक्स-रेत हवा फुप्फुस आणि बरगड्यांच्या मध्येही होती. आवरणाच्या त्या दोन ओल्या पदरांमध्ये हवा शिरली की ते एकमेकांपासून सुटतात आणि फुप्फुस स्वतःच्या लवचीकपणामुळे आकसतं. याला न्यूमोथोरॅक्स म्हणतात. तरुणांमध्ये हे बहुधा फुप्फुसाच्या शेंड्यावरचा एखादा पातळ फोड फुटल्यानं होतं. इथेही उंच, सडपातळ मुलगे पुढे, आणि सिगारेट ओढणारे तर फारच पुढे.

थोडी हवा असेल तर नुसती वाट बघतात. जास्त असेल तर सुईनं ओढून काढतात, नाहीतर बरगड्यांमधून नळी घालतात. त्या नळीचं दुसरं टोक खाटेखालच्या बाटलीत, पाण्याच्या दोनेक सेंटीमीटर खाली बुडवलेलं असतं. रुग्ण खोकला की बुडबुडे येतात. श्वासागणिक नळीतलं पाणी वर-खाली होतं. पाण्यातून हवा बाहेर येऊ शकते, उलटी आत जाऊ शकत नाही. लाखभराचं यंत्र जे करेल ते वीतभर पाणी करतं. बाटली कधीही रुग्णाच्या छातीपेक्षा उंच धरायची नाही, हे भेटायला येणाऱ्यांनीही ध्यानात ठेवावं. मदत म्हणून ती उचलून कॉटवर ठेवणारे महाभाग असतात.

खरी आणीबाणी येते ती छेद झडपेसारखा वागू लागला तर. सायकलच्या व्हॉल्व्हसारखी हवा एकाच दिशेला जाते, दर श्वासाला आवरणात साठत राहते, आणि अखेर हृदयालाच पलीकडे ढकलते. दम वाढत जातो, ओठ निळे पडतात, रक्तदाब कोसळतो. तेव्हा एक्स-रेचीही वाट बघत नाहीत, आधी सुई घालून हवा सोडतात.

याच्याशी तुलना केली तर मानेत चढलेली हवा ही एक प्रकारे मेहेरबानीच म्हणायची. माजघरात कोंडून हृदय दाबण्याऐवजी ती मानेत निसटून गेली. भयानक दिसणारी सूज कुकरच्या शिट्टीचं काम करत असते.

८. दहा मीटर पाण्याखालचा हिशेब

मालवण-तारकर्लीला स्कूबा डायव्हिंग करणाऱ्यांना पाण्यात उतरण्याआधी एक नियम घोकवला जातो: श्वास कधीही रोखून धरायचा नाही. यामागचं गणित सोपं आहे.

पाण्याच्या पृष्ठभागावर हवेचा दाब एक पट धरू. दर दहा मीटर खोलीला तो आणखी एक पट वाढतो. म्हणजे दहा मीटरवर दुप्पट. पाठीवरची टाकी तिथल्या दाबानुसार हवा देते. समजा, दहा मीटरवर तुम्ही पाच लिटर हवा छातीत भरून घेतली, घाबरलात, तोंड मिटलंत आणि सरळ वर आलात. दाब निम्मा झाला, हवा दुप्पट झाली: दहा लिटर. मोठ्या माणसाच्या छातीत मावते जेमतेम सहा लिटर. उरलेली कुठे जाणार? वायुकोशाच्या जिन्याकडच्या भिंतीतून, आपल्या ओळखीच्या वाटेनं माजघरात. किंवा त्याहून वाईट म्हणजे फाटलेल्या रक्तवाहिनीत, तिथून हृदयात आणि मेंदूत. बुडबुड्यानं मेंदूची वाहिनी अडली तर पक्षाघात.

तीस मीटरवरून वीस मीटरवर आलं तर हवा फक्त एक तृतीयांशानं वाढते. दुपटीची उडी शेवटच्या दहा मीटरमध्ये. म्हणजे ‘फार खोल गेलो नव्हतो’ हे इथे समाधान नाही.

टाकीशिवाय बुडी मारणाऱ्याला ही भीती नाही. त्यानं हवा वरूनच भरून नेलेली असते. खाली ती आकसते, वर आल्यावर मूळची होती तेवढीच होते.

९. मग ती हवा जाते कुठे?

रुग्णाला विश्रांती देतात, वेदनाशामक देतात, दमा असेल तर दम्याचं औषध, खोकला आणि बद्धकोष्ठ असेल तर त्यांचाही बंदोबस्त, म्हणजे पुन्हा कुंथणं नको. एक-दोन दिवस नजरेखाली ठेवून घरी सोडतात, आणि आठवडाभरात चुरचुर बहुतेक नाहीशी होते. नातेवाईक हमखास विचारतात, “पण हवा काढली कुणी?”

रक्तानं काढली. अवयवांतून परतणारं रक्त आपला ऑक्सिजन देऊन आलेलं असतं. त्याच्या बदल्यात ते जो कार्बन डायऑक्साइड घेतं त्याचा दाब तेवढा भरत नाही. त्यामुळे त्या रक्तातल्या सगळ्या वायूंच्या दाबाची बेरीज ७०६ च्या आसपास येते, तर बाहेरच्या हवेचा दाब ७६० मिलिमीटर पारा. हा ५४ चा खड्डा कायमचा. अडकलेली हवा त्या खड्ड्याकडे हळूहळू वाहते, रक्तात विरते आणि फुप्फुसातून उच्छ्वासावाटे निघून जाते. ऑक्सिजन लवकर जातो. हवेत ७८ टक्के असलेला नायट्रोजन रेंगाळतो. मास्कनं भरपूर ऑक्सिजन दिला तर रक्तातला नायट्रोजन धुतला जातो, खड्डा खोल होतो आणि हवा लवकर विरते.

किती लवकर? बरगड्यांखालच्या हवेसाठी डॉक्टरांचा जुना ठोकताळा असा की छातीच्या त्या बाजूच्या जागेच्या सव्वा टक्का हवा रोज शोषली जाते. वीस टक्के जागा हवेनं व्यापली असेल, तर वीस भागिले सव्वा, म्हणजे सोळा दिवस.

हाच गुण एके काळी डॉक्टरांची डोकेदुखी होता. क्षयावर औषध नव्हतं तेव्हा इटलीचे कार्लो फोर्लानिनी यांनी १८८२ मध्ये सुचवलं की आजारी फुप्फुसाभोवती मुद्दाम हवा भरून ते आकसवावं, म्हणजे त्याला विश्रांती मिळेल. पुढे जगभर हा उपचार रुळला. पण शरीर ती हवा गुपचूप पिऊन टाकी, आणि रुग्णाला दर काही दिवसांनी ‘रिफिल’साठी पुन्हा सुईखाली यावं लागे, वर्षानुवर्षं. क्षयावर स्ट्रेप्टोमायसिन हे औषध आलं, आणि ही यातायात हळूहळू संपली.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट, कारण घरी जाताना ती सांगायची राहून जाते. महाबळेश्वरचा घाट चढताना गाडीतलं वेफर्सचं पाकीट टम्म फुगतं, ते तुम्ही पाहिलं असेल. विमानाच्या केबिनमधला दाब तर आठ हजार फूट उंचीवर असावा इतका उतरू शकतो, आणि तिथे बंद जागेतली हवा साधारण एक तृतीयांशानं वाढते. छातीत हवा अडकलेली असताना हे पाकीट तुमच्या आत असतं. तेव्हा मानेतली चुरचुर थांबली म्हणून तिकीट काढू नका. एक्स-रे स्वच्छ आला आणि त्यानंतर थांबायला सांगितलेले दिवस सरले की मगच उडा. स्कूबाची टाकी पाठीवर घ्यायची असेल तर छातीच्या डॉक्टरांना आधी विचारा, आणि ते नाही म्हणाले तर वाद घालू नका.